गिअरवर ठेवलेला हात

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

पत्रलेखिका ठाण्यात पाचपाखाडीला राहतात, नोकरी ऐरोलीला. वडिलांकडे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, ती इंग्लिश दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी; मार्क ३, म्हणजे तिची तिसरी आवृत्ती. परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडून त्यांनी ती १९८१ साली घेतली. वडील आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. महिन्यातून दोनदा, रविवारी पहाटे, गाडी उपवन तलावापर्यंत जाऊन येते. वर्षभरापासून लेकही चालवायला लागली आहे आणि तिच्या तक्रारी अशा: न्यूट्रलमध्ये गिअरचा लिव्हर आडवा चांगला चार बोटं हलतो. सिग्नलला गाडी थांबता थांबता पहिला टाकला की करकरतो. दुसऱ्यातून तिसरा टाकायला जावं तर कधी पहिल्याच्याच तोंडाशी जातो. साठच्या पुढे लिव्हर थडथडतो. आणि रिव्हर्स जवळजवळ दरवेळी ओरडतो.

एका मेकॅनिकने ‘हा गिअरबॉक्स गेला, जिप्सीचा पाच गिअरचा बसवू’ म्हणून १ लाख ८० हजार सांगितले. नवऱ्याने इंटरनेटवर ‘शॉर्ट शिफ्टर’ किट शोधून ठेवलं आहे. वडिलांचं म्हणणं, ‘काही झालेलं नाही, हाताला कळायला हवं.’ त्यांच्या पंचाहत्तरीला गाडी गुपचूप दुरुस्त करून समोर उभी करायचा लेकीचा बेत आहे. शेवटी त्या लिहितात: ‘बाबांनी चाळीस वर्षं गिअरवर हात ठेवूनच गाडी चालवली. त्यानेच तो ढिला झाला, हे त्यांना कसं सांगू?’

उत्तर

तुमच्या पत्रातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तक्रारींची यादी. लोक नुसतं ‘गिअर बरोबर पडत नाही’ एवढं लिहितात आणि मग मी इथे बसून अंदाजपंचे सांगावं अशी अपेक्षा करतात. तुम्ही पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात. पण लिहून झाल्यावर त्या पाचही एकाच रोगाच्या खुणा आहेत असं धरलंत, तिथे गाडी चुकली. माझ्या हिशेबाने त्यातल्या दोन गोष्टी दोष नाहीतच, दोन खऱ्या झिजेच्या आहेत, आणि पाचवीचा लिव्हरशी काडीचा संबंध नाही. म्हणजे बाबाही खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही उगाच कुरकुरत नाही.

न्यूट्रलमधल्या चार बोटांपासून सुरुवात करू. न्यूट्रलमध्ये लिव्हर आडवा हलायलाच हवा. एका बाजूला पहिल्या-दुसऱ्याची रांग, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या-चौथ्याची, आणि रिव्हर्स त्यांच्याही पलीकडे. या रांगांमधून इकडून तिकडे जाण्याची वाट म्हणजे न्यूट्रल. ती अरुंद केली तर गिअर टाकणार कुठून? ढिलेपणा मोजायचा तर गाडी गिअरमध्ये असताना मोजायचा. इंजिन बंद, तिसरा गिअर टाकलेला, आणि दोन बोटांनी मूठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवायची. त्यातही थोडं हलणारच, पण मूठ इंचभर हलत असेल तर तो आकडा खरा.

दुसरी गोष्ट पहिल्या गिअरची. तुमच्या रोजच्या हॅचबॅकमध्ये चालत्या गाडीत पहिला टाकला तरी तो मुकाट्याने बसतो, कारण तिथे सिंक्रो आहे: पितळेची एक कडी, जी दात एकमेकांत जाण्याआधी घासून दोन्ही बाजूंचा वेग सारखा करते. स्पिटफायरच्या मार्क ३पर्यंत पहिल्या गिअरला ही कडी दिलेलीच नव्हती. ती आली १९७०च्या मार्क ४मध्ये. त्यामुळे तीन हात नाक्याला गाडी सरकत असताना तुम्ही पहिला टाकलात तर गाडी ओरडणारच. बाबा गाडी पूर्ण थांबल्यावर पहिला टाकत असणार, किंवा सरकत्या गाडीत डबल क्लच मारत असणार: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. पुढच्या फेरीला शेजारी बसून त्यांच्या पायांकडे बघा. ‘हाताला कळायला हवं’ म्हणतात त्यातला निम्मा भाग पायांचा असतो, आणि हे त्यांनाही सांगता येणार नाही इतकं अंगवळणी पडलेलं असतं.

आता खरी झीज. तिसरा न सापडणं आणि साठच्या पुढची थडथड.

या गाडीत तुमचा हात थेट गिअरबॉक्समध्ये जात नाही. लिव्हर एका गोल गोळ्यावर टेकलेला असतो. त्याचं खालचं टोक एका दांड्याला जोडलेलं, तो दांडा पुढे जाऊन एका जोडाने गिअरबॉक्सच्या आतल्या सिलेक्टरला, म्हणजे गिअर निवडणाऱ्या भागाला, धरतो. याला रिमोट म्हणतात. प्रत्येक जोडात नायलॉनचा नाहीतर रबराचा बुश, म्हणजे भोकात बसवलेली छोटी नळी, आणि त्यातून जाणारा बोल्ट. लिव्हर वर लांब आणि खाली आखूड असतो, हे लक्षात ठेवा. समजा वर पंचवीस सेंटिमीटर आणि खाली पाच. मग खाली अर्धा मिलिमीटर ढिलेपणा आला की मुठीशी तो अडीच मिलिमीटर होतो. असे तीन-चार जोड एकामागोमाग झिजले की मूठ सेंटिमीटरभर हलूनही सिलेक्टरला पत्ता लागत नाही. कुठलाही एक भाग ‘गेलेला’ नसतो. सगळे थोडे थोडे गेलेले असतात, आणि हिशेब मुठीशी येऊन चुकता होतो.

माझ्याकडे बरीच वर्षं स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला १९६१पासून बनायच्या त्या. स्पिटफायरची चासी हेराल्डचीच आखूड केलेली आणि गिअरबॉक्सही एकाच घराण्यातले, म्हणून मी हे जरा अधिकाराने बोलतो आहे. तिचा रिमोट पहिल्यांदा उघडला तेव्हा लिव्हरच्या खालचा बोल्ट हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो होतो. दोन्ही टोकांना तो नवाकोरा, आणि मधोमध, जिथे बुश घासायचा, तिथे सुरेख पायरी पडलेली. नख फिरवलं की अडकत होतं. बुशाचं भोक गोल राहिलं नव्हतं, मोसंबीच्या फोडीसारखं लांबट झालं होतं. एवढ्याशा त्या पायरीसाठी मी सहा महिने गिअरबॉक्सला शिव्या घातल्या होत्या.

तुमच्या गाडीत असंच आहे का हे उघडण्याआधीच बरंचसं कळतं. मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणीतरी बसलेलं असताना, साठच्या वेगात लिव्हर थडथडायला लागला की त्याला बोटाने नुसता स्पर्श करा. थडथड लगेच थांबली तर बुश आणि स्प्रिंगा. मग ॲक्सिलरेटर दाबून सोडा, दाबून सोडा. लिव्हर दरवेळी पुढे-मागे उडत असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलं आहे. तिथलं रबर पन्नास वर्षांत दगड झालेलं असतं किंवा तेल लागून मऊ लगदा. गाडी उतारावर इंजिनाने रोखताना गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर मात्र मामला आत आहे, आणि मग गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

यावरून बाबांच्या हाताकडे येतो.

गिअरवर हात ठेवू नये हे सगळ्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात आणि ते खरं आहे. हाताच्या वजनाने सिलेक्टरचा फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) आतल्या फिरत्या कड्यावर सतत टेकलेला राहतो आणि झिजतो. पण तुम्ही आधी काय आणि नंतर काय हे ठरवून टाकलंत. मी त्यांच्या जागी असतो तर लिव्हर थडथडायला लागल्यावर हात ठेवला असता, कारण हात ठेवला की आवाज थांबतो. मीही तेच केलं होतं. बायको म्हणायची, ‘हात काढा, गाडी पळून जात नाही.’ त्यामुळे बाबांना ‘तुमच्यामुळे ढिला झाला’ असं काही सांगायला जाऊ नका. ‘हात ठेवायला कधीपासून लागलात?’ एवढंच विचारा. उत्तरात थडथडीचा उल्लेख आला तर झीज कधी सुरू झाली हेही कळेल.

रिव्हर्सचं ओरडणं. रिव्हर्सलाही सिंक्रो नाही, पण गाडी उभी असताना, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तर तो शांतपणे बसायला हवा. थांबूनही ओरडतो, आणि इंजिन बंद केलं की एकदम निमूट बसतो, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडंसं फिरवतच राहतं. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे. पेडलजवळच्या डब्यात ऑईल किती आहे, क्लचच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर गळून ओला झाला आहे का, पाइपात हवा शिरली आहे का, रबरी होज फुगते का, हे सगळं बघा. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: पेडलला पुशरॉड (पुढे दाब नेणारी सळई) जोडणारी ती छोटी आडवी पिन. ती झिजून अर्धी झालेली मी पाहिली आहे. पिन दोन मिलिमीटर गेली तर तेवढी क्लचची चाल गेली, आणि लोक क्लच प्लेट बदलतात. म्हणूनच लिव्हरला हात लावण्याआधी क्लचचा निकाल लावा. क्लच अर्धवट सुटत असताना बाकीचे सगळे गिअरही जड पडतात आणि दोष लिव्हरच्या माथी जातो.

आता तुमच्यापुढचे पर्याय. पाच गिअरचा बॉक्स बसवणं हे काही वेडेपणाचं काम नाही. इंग्लंडमध्ये स्पिटफायरला फोर्डचे पाच गिअरचे बॉक्स बसवणारे हौशी लोक आहेत आणि हायवेला इंजिन आरामात चालतं. पण तिथे त्यासाठी तयार किट मिळतं. इथे काय होईल ते सांगतो: इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाऊसिंगसाठी जाड ॲडॅप्टर प्लेट, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी जुळवणं, क्रॉस मेंबरला नवे ब्रॅकेट वेल्ड, लिव्हरची जागा सरकली म्हणून टनेलला, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या झाकणाला, नवं भोक, स्पीडोमीटर भलताच आकडा दाखवणार. आणि तुमची गाडी जाणार कुठे? उपवनला. पाचवा गिअर टाकेपर्यंत तलाव येतो!

दुसरं, ही गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. केंद्राने २०२१मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. त्या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची. तुम्हाला तो नंबर हवा की नको हा तुमचा प्रश्न. पण उद्या हवासा वाटला, तर चासीवर वेल्डिंग केलेलं असताना ‘मूळ रूपात’ कुठल्या तोंडाने लिहून देणार?

शॉर्ट शिफ्टरबद्दल थोडक्यात. तो लिव्हरचं वरचं-खालचं प्रमाण बदलतो. मुठीची चाल कमी होते, त्या प्रमाणात जोर जास्त लागतो. झिजलेला बुश झिजलेलाच राहतो, फक्त आता त्याच्यावर दाब वाढतो, आणि म्हाताऱ्या सिंक्रोवरही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मनगटाचाही विचार करा. यजमानांचा उत्साह वाया जाऊ देऊ नका, त्यांना पाने आणायला पाठवा.

पाने मी गमतीने म्हणत नाही. या गाडीचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३चा पाना लागल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या नटावर दोनदा सटकला की नट गोल. तुमच्या आधीच्या मेकॅनिक लोकांनी किती नट गोल केलेत ते उघडल्यावर दिसेलच. इंची पान्यांचा एक सेट घ्या, गाडी आहे तोवर उपयोगी पडेल.

काम स्वतः करायला घाबरू नका. या गाडीत एक मोठी सोय आहे. गिअरबॉक्सवरचं टनेल आतून, सीटजवळून, स्क्रू काढून उचलता येतं. गाडीखाली झोपावं लागत नाही. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, सतरंजी अंथरून, एका शनिवारी होण्यासारखं आहे. बॅटरीची तार काढा, मूठ आणि रबरी गेटर काढा, कार्पेट उचला, आणि टनेलचे स्क्रू सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. मूळ टनेल पुठ्ठ्याचं असतं. ठाण्यातले इतके पावसाळे काढल्यावर ते पापडासारखं तुटलं तर वाईट वाटून घेऊ नका. फायबरचं नवं मिळतं किंवा करून घेता येतं. परत बसवताना कडेने फोमची पट्टी लावायची, नाहीतर इंजिनाची सगळी गरम हवा आणि वास पायाशी येतो.

टनेल उचललं की आधी काहीही खोलू नका. एकाने सीटवर बसून गिअर टाकायचा आणि सोडवायचा, दुसऱ्याने टॉर्च धरून बघायचं. मूठ हलते आणि दांडा हलत नाही, तर झीज लिव्हरच्या बुडाशी. दांडा हलतो आणि पुढचा जोड हलत नाही, तर झीज तिथे. पाच मिनिटांचं काम, पण याने सगळा वाद संपतो. इथे सीटवर बाबा असावेत आणि टॉर्च तुमच्या हातात, असं मला वाटतं. त्यावर पुढे येतो.

लिव्हर सोडवताना वर फडकं धरा, कारण आतल्या स्प्रिंगा उडतात. माझी एक उडून शेजाऱ्यांच्या तुळशीत सापडली होती, तीही चार दिवसांनी, शेजारीणबाईंनी पाणी घालताना. प्रत्येक जोडाचे तुकडे वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. मग व्हर्नियर घेऊन बोल्ट टोकाला किती आणि मध्ये किती ते मोजा. भोक लांबट झालं असेल तर ‘वेल्डिंग करून भरतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. भोक रीमरने जरा मोठं, पण गोल करून घ्यायचं आणि त्यात बुश बसवायचा.

या गाड्यांचे रिमोटचे बुश इंग्लंडमध्ये अजून नव्याने बनतात आणि कुरिअरने येतात. कस्टमची कटकट नको असेल तर वागळे इस्टेटमध्ये, नाहीतर तुमच्या ऑफिसजवळ रबाळे एमआयडीसीत, लेथवर करून देणारे आहेत. जुना बुश नमुना म्हणून देऊ नका, तो झिजलेलाच आहे, टर्नर इमानदारीने झिजलेलाच बनवून देईल. बोल्टच्या न झिजलेल्या टोकाचं माप द्या. बोल्ट नवा, ईएन-८ प्रतीच्या स्टीलचा. बुश गनमेटलचा (एक प्रकारच्या कांस्याचा) केला तर पिढ्यान् पिढ्या टिकेल, पण इंजिनाची सगळी थरथर मुठीपर्यंत येईल. प्लॅस्टिकचा केला तर हाताला मऊ लागतो.

आणि इथे माझी फजिती सांगायलाच हवी. मी माझ्या हेराल्डचे बुश एका मे महिन्यात नायलॉनचे वळवले. स्वतः वळवले, टूलरूममध्ये जन्म गेला असल्यामुळे दुसऱ्यावर भरवसा नव्हता. माप असं घट्ट ठेवलं की लिव्हर बंदुकीच्या चापासारखा चालायचा, सगळ्यांना दाखवत फिरलो. जुलैत घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर, भर पावसात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. दुसऱ्यातच घरी आलो, मागे ट्रकांची रांग. नायलॉन पाणी पितो. साधा नायलॉन-६ पुरता भिजला तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषतो आणि फुगतो. आपल्याकडची पावसाळी हवासुद्धा त्याला पुरते. हे मला पुस्तकात माहीत होतं, लेथवर उभा असताना आठवलं नाही, एवढंच. त्यामुळे तुम्ही टर्नरला ‘नायलॉन’ म्हणू नका, ‘डेल्रिन’ म्हणा. दिसायला सारखाच पांढरा, पण पाणी जेमतेम टक्काभर घेतो. आणि माप असं ठेवायला सांगा की बोल्ट अंगठ्याने दाबून आत जाईल आणि बोटाने फिरेल. हातोडी लागली तर घट्ट आहे. पुढच्या जोडातले बुश रबराचे असतील तर त्यांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस घ्या. रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून जो अडसर असतो तो शेवटी, सगळं बसल्यावर जुळवायचा, नाहीतर नवे बुश घालूनही दुसरा गिअर अर्धवटच लागेल.

टनेल उघडलंच आहे तर गिअर ऑईलही बदला. लिटरभरही लागत नाही. डब्यावर ९० नंबर (ऑईलचा घट्टपणा) आणि जीएल-४ (ऑईलचा वर्ग) बघून घ्या. दुकानदार ‘जीएल-५ त्याहून भारी’ म्हणेल. पाच हा चारापेक्षा मोठा, एवढंच त्याचं शास्त्र. जीएल-५मधली रसायनं पितळेला मानवत नाहीत, आणि तुमच्या सिंक्रोच्या कड्या पितळेच्या आहेत. एवढं सगळं करूनही वरून खाली येताना दुसरा करकरत असेल आणि डबल क्लच मारल्यावर शांत पडत असेल, तर ती कडी थकली आहे. ते काम सवडीने, अनुभवी माणसाकडून. तोवर डबल क्लच.

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरवाल्या वाचकांसाठी एक जोड: तुमचा गिअर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर असला तरी गोष्ट हीच. दांडीच्या खाली, बॉनेटमध्ये, सळया आणि त्यांचे बुश असतात. इंजिन बंद ठेवून एकाने गिअर हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कुठली सळई मागे राहते ते बघायचं. बुश स्वस्त आहेत. गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा कुणी आधी केली तर चहा पाजून वाटेला लावा.

राहिला पंचाहत्तरीचा बेत. तुमच्या मनात काय आहे ते कळतं, पण हे काम गुपचूप करू नका. एक तर व्यवहाराची अडचण: गाडी पंधरा दिवस गायब कशी करणार? रविवारी पहाटे ते खाली उतरतील ना. पण खरं कारण निराळं. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताने त्या ढिलेपणाशी जुळवून घेतलेलं आहे. तिसऱ्यासाठी किती उजवीकडे ढकलायचं, कुठे थांबायचं, हे त्यांचं मनगट त्या झिजलेल्या बुशांसकट शिकलं आहे. एक दिवस अचानक मूठ अर्ध्या अंतरावर अडली तर पहिले चार गिअर त्यांचेच चुकतील, आणि तेही केक कापायला जमलेल्या पाहुण्यांसमोर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ‘आता मला गाडी जमत नाही’ हा विचार मनात यायला तेवढं पुरतं. तुमची भेट तिकडे जायला नको.

म्हणून मी म्हटलं, सीटवर बाबा आणि टॉर्च तुमच्याकडे. ‘काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्यांना पायरी पडलेला बोल्ट हातात द्यायचा आणि नख फिरवायला सांगायचं. बोलायचं काही नाही. आणि त्यांनी गाडी सरकत असताना पहिला न टाकायला सांगितलं तर तेवढं ऐकायचं, कारण तिथे ते बरोबर आहेत. वाढदिवसाला द्यायचंच असेल तर इंची पान्यांचा सेट चांगल्या कागदात बांधून द्या, आणि काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की गॅरेजमध्ये तो मेकॅनिक प्रश्न तुमचा असला तरी उत्तर तुमच्या नवऱ्याकडे बघून देत होता. त्यावर उपाय माझ्याकडे नाही, पण टर्नरकडे जाताना मापं लिहिलेला कागद तुम्ही स्वतः घेऊन जा. मिलिमीटरमध्ये, दशांशासकट. लेथवरचा माणूस कागदाकडे बघतो, कोण घेऊन आलं त्याकडे नाही, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

रिव्हर्सचं काय निघालं ते मात्र कळवा. माझी पैज पेडलच्या पिनवर आहे.